कार्ड एक, रीती अनेक
देशोदेशींचे कार्डव्यवहार आणि नाशिककरांनी घ्यावयाची दक्षता

चलनी नोटा आणि नाशिक यांचे नाते शंभर वर्षांच्या घरात गेले आहे. नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२५ मध्ये छपाईस प्रारंभ झाला आणि १९२८ मध्ये तेथील चलार्थ पत्र मुद्रणालयातून नोटा बाहेर पडू लागल्या. टपालाची तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे आणि नोटा या साऱ्यांवरून नाशिकच्या कामगारांचा हात फिरलेला आहे. नोटेचे एक वैशिष्ट्य असे की, देशात ती कोठेही नेली तरी तिचा व्यवहार एकाच रीतीने होतो. त्र्यंबकेश्वरचा फुलवाला असो की लासलगावचा कांदा व्यापारी असो, नोट पाहून, चाचपून घेतली की व्यवहार पुरा होतो.

आता या नोटेच्या जोडीला बँकेचे कार्ड आले आहे. पुष्कळशा कार्डांवर जगभर चालणाऱ्या संस्थेचे चिन्ह असते. त्यामुळे हे कार्ड नाशिकच्या मेनरोडवर जसे चालते तसेच न्यूयॉर्क, लंडन किंवा टोकियो येथेही चालत असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. कार्ड तेच असले तरी ते वापरण्याची रीत देशागणिक बदलते. कोठे गुप्त क्रमांक विचारतात, कोठे सही घेतात, तर कोठे काहीच विचारीत नाहीत. ज्या घरातील मुले परदेशी स्थायिक झाली आहेत अशा घरांतील सेवानिवृत्त आईवडील वर्षाकाठी काही महिने तिकडे जाऊन राहतात. त्यांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा याच कार्डाच्या मागे उभा असतो. म्हणून हा भेद का पडला आणि त्याचा आपल्याशी काय संबंध आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नोट आणि कार्ड यांतील मूलभूत भेद

नोटेची सुरक्षितता नोटेतच असते. जलचिन्ह, सुरक्षा धागा, विशिष्ट कागद आणि उठावाची छपाई यांमुळे ती हुबेहूब वठविणे अवघड होते. ती घेणारा मनुष्य स्वतःच्या डोळ्यांनी तिची पारख करतो. कार्डाचे तसे नसते. कार्ड म्हणजे पैसा नव्हे. तो कोठेतरी दूर असलेल्या बँकेला उद्देशून दिलेला निरोप होय. हा निरोप खरोखर खातेदारानेच दिला आहे काय, याची खात्री करून घ्यावी लागते. ही खात्री कोणी, कोठे आणि कशी करावी, याची जी निरनिराळी उत्तरे निरनिराळ्या देशांनी शोधली, त्यांतूनच कार्डाच्या निरनिराळ्या रीती जन्मास आल्या.

चुंबकीय पट्टी आणि चिप

कार्डाची प्रथा अमेरिकेत वाढली. डायनर्स क्लबचे कार्ड १९५० मध्ये निघाले आणि १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने आपले कार्ड ग्राहकांच्या हाती दिले. पुढे कार्डाच्या पाठीवर चुंबकीय पट्टी आली. या पट्टीवर कार्डाचा क्रमांक आणि इतर तपशील नोंदलेला असतो. यंत्रातून कार्ड ओढले की तो तपशील दूरध्वनीच्या तारेवरून बँकेकडे जातो आणि बँक होकार किंवा नकार कळविते. अमेरिकेत दूरध्वनी स्वस्त आणि मुबलक असल्यामुळे ही पद्धत सोयीची ठरली. खातेदाराची ओळख म्हणून पावतीवर सही घेतली की पुरे, अशी रूढी पडली.

युरोपात परिस्थिती वेगळी होती. तेथे प्रत्येक खरेदीसाठी बँकेशी दूरध्वनीने संपर्क साधणे खर्चाचे पडे. म्हणून दुकानातल्या दुकानात, बँकेला न विचारता, खात्री कशी करता येईल याचा विचार तेथे झाला. रोलां मोरेनो या फ्रेंच संशोधकाने १९७४ मध्ये चिपयुक्त कार्डाच्या कल्पनेचे एकस्व घेतले. फ्रान्समधील बँकांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९९२ च्या अखेरीपर्यंत तेथील बँकांच्या कार्डांवर चिप आली. ग्राहकाने यंत्रावर गुप्त क्रमांक दाबावा आणि तो बरोबर की चूक हे चिपनेच सांगावे, अशी ही योजना होती.

पट्टी आणि चिप यांतील भेद थोडक्यात असा सांगता येईल. पट्टी म्हणजे कागदावर लिहून ठेवलेला मजकूर. तो कोणालाही उतरवून घेता येतो. चिप म्हणजे प्रत्येक वेळी नवे उत्तर देणारा छोटा संगणक होय. तिच्यातील गुप्त किल्ली बाहेर पडत नाही आणि एका व्यवहारासाठी दिलेले उत्तर दुसऱ्या व्यवहारास उपयोगी पडत नाही. त्यामुळे पट्टीचे बनावट कार्ड सहज तयार करता येते, चिपचे करता येत नाही. पुढे युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या संस्थांनी १९९० च्या दशकात चिपसाठी समान मानक ठरविले. या तीन नावांच्या आद्याक्षरांवरून ते ‘ईएमव्ही’ या नावाने ओळखले जाते. चिप आता जवळजवळ सर्वत्र एकाच मानकाची आहे. तथापि तिच्याबरोबर कोणती खूण मागावयाची, हा निर्णय देशोदेशी वेगळाच राहिला.

नुकसान कोणी सोसावयाचे?

या भिन्नतेचे मूळ यंत्रापेक्षा कायद्यात आणि करारात अधिक आहे. कार्ड चोरीस गेले आणि त्यावर कोणी खरेदी केली, तर नुकसान कोणी सोसावयाचे? ग्राहकाने, दुकानदाराने की बँकेने? ज्याच्यावर हा भार पडतो तोच कुलूप बसविण्याची घाई करतो.

अमेरिकेत १९७० च्या दशकातील कायद्यांनी ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. क्रेडिट कार्डाचा अनधिकृत वापर झाल्यास ग्राहकावर पडणारा बोजा जास्तीत जास्त ५० डॉलर एवढाच ठेवण्यात आला. खात्यातून थेट पैसे जाणाऱ्या डेबिट कार्डासाठी १९७८ च्या कायद्याने दोन कामकाजी दिवसांत कळविल्यास ५० डॉलर आणि त्यानंतर कळविल्यास ५०० डॉलरपर्यंत अशी पायरी ठेवली. खात्याचा उतारा पाठविल्यापासून ६० दिवसांतही तक्रार न केल्यास बोजा याहूनही वाढू शकतो. ग्राहक असा सुरक्षित असल्याने त्याच्याकडून गुप्त क्रमांक मागण्याची निकड तेथे कोणास वाटली नाही. चिप नसलेले यंत्र वापरणाऱ्या दुकानदारावर बनावट कार्डाचा भार टाकण्याचा नियम कार्डसंस्थांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये लागू केला, तेव्हा कोठे अमेरिकेत चिपचा सर्रास वापर सुरू झाला. फ्रान्सनंतर दोन दशकांनी हे घडले. पुढे एप्रिल २०१८ मध्ये प्रमुख कार्डसंस्थांनी सहीची अटही काढून टाकली. त्यामुळे आज तेथील दुकानात पुष्कळदा क्रमांकही नाही आणि सहीही नाही, असा अनुभव येतो.

ब्रिटनने उलट मार्ग धरला. तेथे १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानांत सहीऐवजी गुप्त क्रमांकाची रीत सार्वत्रिक करण्यात आली. लहान रकमांसाठी मात्र कार्ड नुसते टेकविण्याची सोय २००७ मध्ये आली. आरंभी तिची मर्यादा १० पौंड होती. ती वाढत वाढत ऑक्टोबर २०२१ मध्ये १०० पौंडांवर नेण्यात आली.

जर्मनीसारख्या प्रगत देशात रोख रकमेचे प्रेम अद्याप टिकून आहे. तेथील मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत निम्म्याहून किंचित अधिक खरेदीव्यवहार रोखीने झाल्याचे आढळले. तेथे ‘जिरोकार्ड’ नावाचे देशी कार्ड प्रचलित असून छोट्या दुकानांत परदेशी कार्ड नाकारले जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. याच्या उलट स्वीडनमध्ये रोख रक्कम न घेणारी दुकाने आढळतात. जपानने २००१ मध्ये रेल्वेच्या प्रवासासाठी ‘सुइका’ हे टेकविण्याचे कार्ड आणले आणि पुढे दुकानांतही ते चालू लागले. तरीही रोखीची सवय तेथे दीर्घकाळ टिकली. गमतीची गोष्ट अशी की, आपल्याकडे भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचलेली क्यूआर चौकट याच जपानमध्ये १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी शोधून काढण्यात आली होती.

भारताने निवडलेला मार्ग

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड काढले. तथापि कार्ड सामान्य माणसाच्या हाती येण्यास पुढील तीन दशके जावी लागली. २०१२ मध्ये ‘रुपे’ हे देशी कार्ड सुरू झाले आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी आरंभ झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेबरोबर ते खेड्यापाड्यांत गेले. प्रथमच बँकेत खाते उघडणारा शेतमजूर आणि महानगरातील उद्योजक या दोघांच्याही हाती एकाच जातीचे साधन आले. अशा वेळी ग्राहक स्वतः चाणाक्षपणे तक्रार करील, या भरवशावर राहणे योग्य नव्हते. म्हणून रिझर्व्ह बँकेने कुलपे आधीच बसविण्याचे धोरण स्वीकारले.

ऑगस्ट २००९ पासून संगणकावरून होणाऱ्या कार्डखरेदीसाठी दुसरी खूण पटविणे बंधनकारक करण्यात आले. भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी हे तिचेच परिचित रूप होय. १ डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन सक्तीचा झाला. पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत देण्यात आली. नुसते टेकवून होणाऱ्या व्यवहाराची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये करण्यात आली. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक आपल्याकडे साठवून ठेवण्यास मनाई झाली. एवढी कुलपे एकाच वेळी लावणारे देश जगात थोडेच आहेत.

मात्र कुलूप कितीही भक्कम असले तरी दार दुसरीकडे उघडे राहिले तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राला ऑगस्ट २०१८ मध्ये मिळाला. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीत शिरकाव करून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. यातील बरीचशी रक्कम बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढण्यात आली होती. कार्डाला होकार देणारी यंत्रणाच बनावट उभी केल्याने परदेशातील यंत्रांनी निमूटपणे नोटा मोजून दिल्या. कार्डव्यवहाराची साखळी देशोदेशी पसरलेली असते आणि तिची ताकद सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, हे या घटनेने दाखवून दिले.

सवयीचा धोका

येथेच नाशिकच्या खातेदाराने सावध व्हावयास हवे. ‘पिनशिवाय आणि ओटीपीशिवाय माझ्या खात्यातून पैसा जाणार नाही’ ही त्याची समजूत देशांतर्गत व्यवहारांत बव्हंशी खरी ठरते. परंतु ही कुलपे भारतातील नियमाने बसविलेली आहेत. कार्डाच्या अंगी ती जन्मजात नाहीत. परदेशातील दुकानदारावर किंवा तेथील संकेतस्थळावर भारतीय नियम आपोआप लागू होत नाही. त्यामुळे हरवलेले कार्ड अमेरिकेतील दुकानात पिनशिवाय चालू शकते. घरी बसलेल्या खातेदाराचा कार्ड क्रमांक कोणाच्या हाती पडला, तर एखाद्या परदेशी संकेतस्थळावरून ओटीपी न येताच खरेदी होऊ शकते. ही उणीव ध्यानी घेऊन रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निदेश काढले. परदेशी विक्रेत्याने दुसरी खूण मागितल्यास ती पटविण्याची व्यवस्था बँकांनी करावी, असे त्यांत सांगितले असून त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

या धोक्यावरील सर्वांत साधा उपाय खातेदाराच्याच हाती आहे. २०२० पासून नवे कार्ड देताना परदेशातील वापर, संगणकावरील खरेदी आणि टेकवून होणारा व्यवहार या तिन्ही सोयी बंद ठेवूनच ते द्यावे आणि ग्राहकाला हव्या तेव्हा त्या सुरू किंवा बंद करता याव्यात, अशी तरतूद आहे. ज्यांना परदेशी जावयाचे नाही त्यांनी परदेशातील वापर बंदच ठेवावा. जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तो सुरू करावा, गरजेपुरतीच मर्यादा ठरवावी आणि परतल्यावर तो पुन्हा बंद करावा. घराला कुलूप लावण्याइतकीच ही सवय अंगवळणी पडली पाहिजे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील उपाहारगृहात सेवक कार्ड घेऊन आत जातो आणि पावती आणतो. ग्राहक तीवर बक्षिसीची रक्कम लिहितो व एकूण बेरीज मांडतो. त्यामुळे भ्रमणध्वनीवर प्रथम एक रक्कम कळते आणि खात्यातून अखेर त्याहून अधिक रक्कम जाते. ही फसवणूक नसून तेथील रीत आहे. मात्र पावतीची प्रत जवळ ठेवावी. युरोपात आणि कॅनडात यंत्रच टेबलाशी आणले जाते. अमेरिकेतील पेट्रोलपंपावरील यंत्र पुष्कळदा पाच आकडी टपाल क्रमांक मागते. आपला सहा आकडी पिनकोड तेथे जुळत नाही. अशा वेळी आत जाऊन कर्मचाऱ्याकडे पैसे भरावेत. निवासगृहे आणि भाड्याच्या मोटारी देणारे व्यावसायिक अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिल्यास तेवढा पैसा खात्यात असूनही काही दिवस वापरता येत नाही. म्हणून या कामी क्रेडिट कार्ड बरे.

‘रक्कम रुपयांत घ्यावयाची की स्थानिक चलनात?’ असा प्रश्न यंत्रावर आल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपयांत घेताना दुकानदाराच्या बाजूचा विनिमय दर लागतो आणि तो बहुधा महाग पडतो. आपली बँक परकीय चलनातील व्यवहारावर किती आकार घेते, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. बँकेत नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक परदेशातही संदेश घेऊ शकेल, अशी व्यवस्था करावी. तो दीर्घकाळ न वापरल्यास बंद पडू शकतो आणि मग ओटीपीअभावी स्वतःच्याच पैशास हात लावणे कठीण होते. युरोपातील रेल्वे स्थानकांवर माणूस नसलेली तिकीट यंत्रे असतात. ती पिन मागतात; म्हणून क्रेडिट कार्डाचाही पिन पाठ असावा.

नाशिकला येणाऱ्यांसाठी

हाच प्रश्न उलट्या दिशेनेही उभा राहतो. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे देशोदेशीचे यात्रेकरू येणार. पंचवटीतील दुकानदाराकडे क्यूआर चौकट असते; परंतु अनेक पाहुण्यांच्या हाती केवळ कार्ड असते. त्या कार्डाला पिन नसण्याचाही संभव असतो. परदेशी बँकेने दिलेल्या कार्डास आपल्याकडील पिनची सक्ती लागू होत नाही. त्याचा व्यवहार सहीवरही होऊ शकतो. म्हणून यंत्राने पिन मागितला नाही याचा अर्थ कार्ड बनावट आहे, असा करू नये. पावतीवर सही घ्यावी व ती जपून ठेवावी. आपल्या यंत्रावर परदेशी कार्डे चालतात काय आणि त्यावर बँक किती शुल्क आकारते, याची चौकशी व्यापाऱ्यांनी आधीच करून ठेवणे इष्ट. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यास शुल्क पडत नाही. परदेशी कार्डावर मात्र ते पडते.

पाहुण्यांसाठी दुसरी वाटही खुली झाली आहे. परदेशी प्रवाशांना भारतात आल्यावर यूपीआय वापरता यावे म्हणून ‘यूपीआय वन वर्ल्ड’ ही सोय २०२३ मध्ये करण्यात आली. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात यांसह काही देशांतील अनिवासी भारतीयांना तेथील भ्रमणध्वनी क्रमांकावरून आपल्या येथील खात्याचे यूपीआय चालविता येते. परदेशातून सुटीवर येणाऱ्या मुलांना याचा लाभ घेता येईल.

फसवणूक झाल्यास

सर्व दक्षता घेऊनही नुकसान झाल्यास वेळ हेच मोठे शस्त्र होय. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढलेल्या परिपत्रकाने ग्राहकाच्या जबाबदारीची पायरी ठरवून दिली. दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर कोणताही बोजा पडू नये. चार ते सात दिवस लावल्यास खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित बोजा पडावा. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर ठेवण्यात आली. मात्र स्वतःच पिन किंवा ओटीपी दुसऱ्यास सांगितला असल्यास, बँकेला कळवीपर्यंत झालेले नुकसान ग्राहकानेच सोसावयाचे आहे. आपल्या बँकेचे यासंबंधीचे चालू नियम प्रत्येकाने वाचून ठेवावेत. कार्ड तत्काळ बंद करावे, बँकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावरही कळवावे.

नोटेची पारख करण्यास नाशिककरांना कोणी शिकवावयास नको. ती उजेडाकडे धरून पाहण्याची सवय घरोघरी आहे. कार्ड उजेडाकडे धरून काही दिसत नाही. त्याची पारख त्यामागील नियमांच्या ज्ञानाने करावी लागते. आपल्या देशाने कोणती कुलपे लावली आहेत, परदेशात त्यांपैकी कोणती नसतात आणि त्या वेळी कोणते दार आपणच बंद करावयाचे, एवढे ज्याला उमगले त्याला जगाच्या पाठीवर कोठेही हे साधन निर्धास्तपणे वापरता येईल. घरातील तरुणांनी हे आपल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगितले आणि परदेशातील वापर बंद किंवा सुरू करण्याची कृती त्यांच्या हातून एकदा करवून घेतली, तर अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी सुरक्षित राहील.